बोल्टसोबत कार्बनचा आकडा कसा पाठवायचा: हिंगण्याच्या एका छोट्या कारखान्यातून

मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या बोल्टच्या कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं सांभाळते. कारखाना सासऱ्यांनी उभा केला, यंत्रं नवरा बघतो, आणि पॅकिंग लिस्टपासून ते मिहानच्या डेपोतून कंटेनर न्हावाशेव्याला निघेपर्यंतचं सगळं माझ्याकडे. २०२४ च्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, जर्मनीच्या गिऱ्हाइकाची मेल आली. भाव नाही, डिलिव्हरीची तारीख नाही. एवढंच विचारलं होतं की तुमच्या बोल्टमागे दर टनाला किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, ते १५ दिवसांत कळवा.

मी इंटरनेटवरून भारतीय पोलादाची एक सरासरी उचलली आणि पाठवून दिली. आठवड्याभरात ती परत आली. त्यांच्या सल्लागाराने विचारलं होतं, वायर रॉड (ज्यापासून बोल्ट बनतो ती पोलादाची जाड तार) कुठल्या कारखान्याचा, कुठल्या पद्धतीने बनलेला, आकडा कोणी मोजला? एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. त्यानंतर जे शिकले ते इथे लिहिते आहे, कारण हिंगण्यात आणि बुटीबोरीत माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत आणि सल्लागाराचं बिल बहुतेकांना परवडत नाही.

आधी प्रकरण काय ते थोडक्यात. युरोपातल्या पोलाद कारखान्यांना २००५ पासून उत्सर्जनासाठी परवाने घ्यावे लागतात. बाहेरून येणाऱ्या मालावर असा खर्च नसेल तर तिथले कारखाने मागे पडतील, म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये सीमेवरच्या कार्बन आकारणीचा कायदा केला. सगळे त्याला ‘सीबॅम’ म्हणतात. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात फक्त माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून युरोपात शिरलेल्या मालाचे पैसे लागतात. त्याची प्रमाणपत्रं फेब्रुवारी २०२७ पासून विकत मिळतील आणि २०२६ च्या मालाचं पहिलं विवरणपत्र ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत भरायचं आहे. म्हणजे बिल पुढे येणार असलं तरी मीटर चालू झालेलं आहे. पैसे आयातदार भरतो, आपण नाही. पण तो भाव ठरवताना ते आपल्याच दरातून कापायला बघतो, हे मी दोनदा अनुभवलं आहे.

आपला माल यादीत आहे का

यादी सिमेंट, खत, ॲल्युमिनियम, हायड्रोजन, वीज आणि लोखंड-पोलाद एवढ्यांची आहे. तुमच्या शिपिंग बिलावरचा कस्टमचा कोड काढा. बोल्ट, नट, स्क्रू ७३१८ मध्ये येतात आणि ते यादीत आहेत. पोलादाच्या बऱ्याच वस्तू ज्यात घातल्या जातात तो ७३२६ सुद्धा आहे. अंदाजाने बोलू नका, कोडच बघा. आपल्याच भागातलं उदाहरण देते. मॅंगनीजच्या खाणी चालवणाऱ्या मॉइल कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे, मॅंगनीज विदर्भाच्या मातीतलं. त्यापासून बनणारं फेरो मॅंगनीज या यादीत आहे आणि सिलिको मॅंगनीज वगळलेलं आहे. एकाच आवारात दोन्ही बनत असतील तर एकाचा हिशेब द्यावा लागतो, दुसऱ्याचा नाही.

त्यानंतर ५० टनांची गोष्ट. २०२५ च्या दुरुस्तीने वर्षाला ५० टनांपर्यंत माल मागवणाऱ्या आयातदाराला सूट दिली. आपल्याकडे अनेकांनी त्याचा अर्थ असा घेतला की, आम्ही तर ४० टनच पाठवतो, आम्ही सुटलो. तसं नाही. ही मर्यादा आयातदाराची आहे, आणि त्याने जगभरातून मागवलेला पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत असा यादीतला सगळा माल मिळून मोजली जाते. तुमचे ४० आणि दुसऱ्या कोणाचे २० झाले की तो आत आला. म्हणून गिऱ्हाइकाला सरळ विचारा: तुम्ही यंदा ५० टनांच्या वर जाणार का? उत्तर मेलवर घ्या.

खरा हिशेब वायर रॉडचा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा. बोल्टच्या कार्बनमध्ये आपल्या शेडचा वाटा फार लहान असतो. मोठा वाटा येतो तो वायर रॉडसोबत, तो ज्या भट्टीत वितळला तिथून.

वायर रॉडची कॉइल (गुंडाळी) गाडीतून उतरते तेव्हा तिला पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पट्टी तारेने बांधलेली असते. त्या पट्टीवर हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याचा नंबर, असतो. तोच नंबर टेस्ट सर्टिफिकेटवर (टीसीवर) असतो. इथपर्यंत सगळं ठीक. मग कॉइल ॲसिडच्या टाकीत धुवायला जाते आणि त्याआधी कामगार पट्टी काढून टाकतो. तीन कॉइल एकत्र धुतल्या, फॉस्फेटचा थर चढला, तार ओढून बारीक करायला (ड्रॉइंगला) गेल्या, की कुठला रॉड कुठल्या मिलचा, म्हणजे पोलाद कारखान्याचा, ते कोणालाच सांगता येत नाही. आमच्याकडे दोन मिलचा माल येतो आणि दोघांच्या पद्धती पूर्ण वेगळ्या आहेत. पट्टी हरवली की हिशेब तिथेच संपतो.

आमच्या सुपरवायझर काकांनी यावर साधा उपाय काढला. टाकीत टिकेल असा प्लॅस्टिकचा नंबराचा बिल्ला कॉइलला बांधायचा, आणि मूळ पट्टी काढण्याआधी पट्टी व बिल्ला शेजारी धरून मोबाइलवर फोटो घ्यायचा. फोटो त्या दिवशीच ग्रुपवर पडतो, संध्याकाळी मी रजिस्टरमध्ये चढवते. एका कॉइलला अर्धं मिनिट लागतं. तुम्ही बाकी काही केलं नाही तरी एवढं उद्यापासून सुरू करा, कारण मागचे हीट नंबर नंतर शोधून सापडत नाहीत.

आता मिलला विचारायचं. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा डिस्पॅचचे भाऊ म्हणाले, "ताई, टीसी पाठवली ना, त्यावर कार्बन लिहिलेला आहे." टीसीवर ०.३५ वगैरे जो कार्बन असतो तो पोलादाच्या रासायनिक घटकांपैकी एक. तो आपल्याला नको असतो. आपल्याला हवं असतं ते एक टन रॉड बनवताना हवेत गेलेलं कार्बन डायऑक्साइड. हे फोनवर समजावण्यात वेळ जातो, म्हणून लेखी विचारा आणि नेमकं विचारा: रॉड कुठल्या प्लांटचा? पोलाद ब्लास्ट फर्नेसचं, स्पंज आयर्न (खनिज न वितळवता त्यापासून काढलेलं लोखंड) घालून इंडक्शन फर्नेसचं, की निव्वळ भंगाराचं? टनामागे थेट उत्सर्जन किती? कुठल्या वर्षाचं? कुठल्या पद्धतीने मोजलं आणि कोणी तपासलं? बिलेट (ज्यापासून रॉड लाटतात तो पोलादाचा ठोकळा) बाहेरून घेतलं असेल तर कोणाकडून?

शेवटचा प्रश्न गाळू नका, कारण बाहेरचं बिलेट कुठल्या भट्टीतलं आणि कशापासून बनलेलं यावर आकडा ठरतो. इंडक्शन फर्नेस विजेवर चालते म्हणून तिचा माल स्वच्छ, असा आपल्याकडे समज आहे. भट्टीत भंगार पडत असेल तर थेट उत्सर्जन खरंच कमी येतं. पण आपल्या भागात त्यात स्पंज आयर्नही पडतं, आणि ते कोळशावर बनलेलं असलं की त्याचं सगळं उत्सर्जन पुढच्या मालासोबत चालत येतं. भंगाराला मात्र या हिशेबात मागचं ओझं नाही.

मिलने उत्तर दिलंच नाही तर? आम्हाला एका मिलने चार महिने काही कळवलं नाही. तेव्हा नवऱ्याने पुढच्या ऑर्डरच्या परचेस ऑर्डरमध्येच अट घातली की उत्सर्जनाचं पत्रक मालासोबत हवं. दुसऱ्या महिन्यात पत्रक आलं. शेजारच्या तीन कारखान्यांनीही तीच अट घातली होती, त्याचाही उपयोग झाला. एकट्या छोट्या गिऱ्हाइकाचं मिल ऐकत नाही, चौघांचं ऐकते.

आपल्या शेडमधलं

आमच्याकडे हार्डनिंगची भट्टी एलपीजीवर आहे. गॅस मोजताना बिलावरचं वजन घेऊ नका. रिकामा म्हणून परत गेलेल्या सिलिंडरमध्येही गॅस उरतो, थंडीत जास्तच. आम्ही जाताना आणि येताना दोन्ही वजनं घेतो. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू शिक्का असू द्या, तपासायला येणारा माणूस सगळ्यात आधी तोच बघतो.

एक टन एलपीजी जळला की साधारण २.९८५ टन कार्बन डायऑक्साइड होतो. फर्नेस ऑइलला हा आकडा ३.१३ च्या आसपास येतो. फोर्कलिफ्टचं डिझेल यात धरत नाहीत. जनरेटरचं डिझेल विजेच्या खात्यात जातं, ते वेगळं लिहा. आणि विजेबद्दल महत्त्वाचं: लोखंड-पोलादासाठी विजेमागचं उत्सर्जन २०२६ पासूनच्या पैशाच्या हिशेबात घेतलेलं नाही. तरी महावितरणची बिलं फाइलला लावून ठेवा, का ते पुढे सांगते.

आमच्या एका लॉटचा नमुना देते, आकडे समजायला सोपे करून. तयार बोल्ट २० टन. त्यासाठी वायर रॉड लागला २१.८ टन, बाकीचं भंगार गेलं. मिलचा आकडा टनाला २.४ धरला, तर २१.८ गुणिले २.४ म्हणजे ५२.३२ टन. भट्टीला गॅस लागला १,१०० किलो, त्याचे ३.२८ टन. एकूण ५५.६० टन. भागिले २०, म्हणजे बोल्टच्या टनामागे २.७८ टन कार्बन डायऑक्साइड. बघा, ५५.६० पैकी ५२ च्या वर नुसता रॉड आहे. आणि भंगार गेलेल्या १.८ टनाचाही कार्बन तयार बोल्टच्याच माथी बसतो. आमच्याकडे त्या दिवसापासून कटिंगमधली नासाडी हा नवऱ्याचा रोजचा विषय झाला आहे.

रॉड आणि गॅस एका ओळीत मिसळू नका. एखादं गिऱ्हाईक दोन्ही मागतं, एखादं फक्त कच्च्या मालाचं. दोन ओळी वेगळ्या असल्या की दोघांनाही देता येतं. प्लेटिंग बाहेर जॉब वर्कला देत असाल तर चलनावर लॉट नंबर लिहा.

माहिती पाठवायला युरोपीय आयोगाने एक्सेलचा तयार तक्ता फुकट ठेवलेला आहे, तोच वापरा. त्यांच्या नोंदणी पोर्टलवर कारखान्याला स्वतःचं खातंही काढता येतं. तिथून आयातदाराला हवे तेवढेच आकडे दिसतात, आपले पुरवठादार आणि प्रक्रियेचे तपशील त्याच्या हातात जात नाहीत. व्यापाऱ्यामार्फत माल देणाऱ्यांनी हे जरूर करावं.

आकडा नाही दिला तर

मग आयोगाने देशवार ठरवलेला आकडा लागतो, आणि पोलादासाठी त्यावर २०२६ ला १० टक्के, २०२७ ला २० टक्के आणि २०२८ पासून ३० टक्के वाढ चढते. स्वतःचा आकडा वापरायचा तर तो युरोपातल्या मान्यता संस्थेने मान्य केलेल्या तपासनिसाकडून तपासून घ्यावा लागतो, आणि पहिल्या वर्षी तो प्रत्यक्ष कारखान्यात येतो. हा खर्च छोट्या कारखान्याला जड आहे. म्हणून आधी गिऱ्हाइकाशी बोला: तो खरा आकडा वापरणार आहे का, आणि तपासणीचा खर्च कोण किती उचलणार?

भावाची बोलणी होतील तेव्हा एक गोष्ट पक्की माहीत असू द्या. २०२६ मध्ये फक्त २.५ टक्केच भरायचं आहे, असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. युरोपातल्या कारखान्यांना फुकट मिळणारे परवाने २०२६ ते २०३४ या काळात टप्प्याटप्प्याने बंद होणार आहेत आणि २.५ टक्के हा त्यातला पहिला टप्पा. पण ते फुकट परवाने एका ठरावीक मानकापुरतेच, म्हणजे टनामागे ठरवून दिलेल्या उत्सर्जनापुरतेच, असतात. आपला आकडा त्या मानकाच्या जितका वर, तेवढ्याचे पैसे पहिल्या दिवसापासून पूर्ण लागतात. कार्बन डायऑक्साइडच्या टनाला ८० युरो दर धरला आणि आपला आकडा ०.३ ने खाली आला, तर २० टनांच्या कंटेनरमागे ६ टन, म्हणजे ४८० युरो वाचतात. हा हिशेब घेऊन मी बोलणीला बसले तेव्हा गिऱ्हाइकाने सरसकट कपातीची मागणी मागे घेतली.

एकाच मालाला किती फूटपट्ट्या

हे लिहिताना मला राग येतो, तो सांगते. विजेची बिलं ठेवायला मी यासाठी सांगितलं की दुसरा कोणी मागेल तेव्हा ती लागतात. आपल्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली. तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर तारे मिळतात, १.६ च्या खाली पाच तारे. चांगली गोष्ट आहे. पण त्यात वीज धरतात, युरोपच्या पोलादाच्या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे मिलने ताऱ्यांचं प्रमाणपत्र दिलं तर त्यातला आकडा तसाच जर्मनीला पाठवता येत नाही. ब्रिटनची स्वतःची आकारणी १ जानेवारी २०२७ पासून सुरू होते आहे, तिची सवलतीची मर्यादा टनांत नाही, ५०,००० पौंडांच्या मालाची आहे. एकच बोल्ट, एकच भट्टी, आणि प्रत्येक बंदरासाठी वेगळा कागद.

१९९२ च्या हवामान कराराच्या तिसऱ्या कलमात सरळ लिहिलेलं आहे की हवामानासाठी केलेले उपाय, एकतर्फी असले तरी, व्यापारावरचं छुपं बंधन होता कामा नयेत. भारत हेच म्हणत आला आहे, आणि ज्या देशांनी शंभर-दीडशे वर्षं कोळसा जाळला त्यांच्याइतकंच ओझं आपल्यावर नको, हेही. मला ते पटतं. त्याच वेळी, कोराडीच्या वीज केंद्राच्या धुराकडे बघत मोठी झालेली नागपूरची माणूस म्हणून हेही पटतं की उत्सर्जन मोजायला हवं आणि कमी व्हायला हवं. दोन्हींत भांडण नाही. भांडण आहे ते मोजमाप कोणी ठरवायचं याचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेमला झालेल्या हवामान परिषदेत व्यापार आणि हवामान यावर २०२६, २०२७ आणि २०२८ मध्ये संवाद घेण्याचं ठरलं, जागतिक व्यापार संघटनेलाही सोबत घेऊन. तिथे आपल्या सरकारने काय मांडावं यात आपलाही शब्द असायला हवा.

तो पोहोचवायचा मार्ग साधा आहे. आपापल्या उद्योग संघटनेमार्फत वाणिज्य मंत्रालयाला निवेदन द्या, पण त्यात नुसती तक्रार लिहू नका, स्वतःचे आकडे लिहा. किती टन माल, कागदांवर किती दिवस, तपासणीला किती रुपये. मागण्या नेमक्या ठेवा. भारतीय तपासनिसांना मान्यता मिळावी, म्हणजे खर्च उतरेल. एका पद्धतीने मोजलेला आकडा दुसरीकडे चालावा. आणि आपल्याकडे २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत मिल जे पैसे मोजेल, त्याची वजावट छोट्या कारखान्याच्या बोल्टपर्यंत पोहोचावी. मूळ देशात खरोखर भरलेली कार्बनची किंमत वजा करायची तरतूद युरोपच्या कायद्यात आहेच. फक्त तिचा पुरावा मिलकडून आपल्या हातात यायला हवा, म्हणून मिलला पाठवायच्या प्रश्नांत हा एक प्रश्न आत्ताच जोडा: तुम्ही या योजनेत आहात का, आणि यंदा त्यासाठी काय भरलं?

मागच्या शुक्रवारी मी तो जोडला. डिस्पॅचच्या भाऊंनी या वेळी टीसीचं नाव काढलं नाही. म्हणाले, "ताई, हे आमच्या एनर्जी सेलकडे पाठवतो, बुधवारपर्यंत थांबा." बुधवारी फोन करायचा आहे, तोवर नव्या गाडीतल्या सहा कॉइलचे बिल्ले बांधून झाले असतील.